जुनं कालनिर्णय उतरवण्याआधी

मैत्रिणींनो, मावश्यांनो, आणि चुलीपुढं भाकरी थापता थापता कान इकडं लावून बसलेल्या सगळ्याजणींनो.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा चाललाय. भिंतीवरचं कालनिर्णय शेवटच्या पानावर आलंय. नवीन आणलं की आपण काय करतो? जुनं उतरवतो, त्याची पानं डब्यांखाली घालतो नाहीतर पोरांच्या वह्यांना कव्हर घालतो. आज मी एवढंच सांगायला आलेय, की यंदा ते उतरवलं तरी लगेच फाडू नका. तासभर घेऊन बसा. कशासाठी, तेच सांगते.

तुम्ही म्हणाल, ताई, आपल्या गटाचं वर्ष तर ३१ मार्चला संपतं. हिशोब तेव्हाच करायचा की. खरं आहे. गटाचा हिशोब मार्चमध्येच होणार. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. रोकड वही, खतावणी, इतिवृत्त, पासबुक, सगळं जागेवर असतं. कुणी किती शिल्लक टाकली, कुणाचा हप्ता थकला, ते वही सांगते. पण बाईनं स्वतः वर्षभरात काय केलं, काय करू बघितलं आणि कुठं अडली, ते कुठल्या वहीत लिहिलेलं असतं? कुठल्याच नाही. म्हणून हा दुसरा हिशोब. तो डिसेंबरात करायचा.

"काय न्हाई, नेहमीचंच"

मागच्या पंधरवड्यात एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, सह्या झाल्या. मी सहज विचारलं, "यंदा तुम्ही प्रत्येकीनं काय केलंत?" अकरा जणी होत्या. दहा जणी म्हणाल्या, "काय न्हाई ताई, नेहमीचंच." अकरावी म्हणाली, "मला आठवतच न्हाई."

ज्यांच्या घरात बैठक होती, त्यांच्या भिंतीवर कालनिर्णय होतं. मी विचारून ते काढून घेतलं आणि मागं मागं पानं उलटली. बायांनो, तुम्हाला माहीतच आहे त्यावर काय काय असतं. दुधाचे खाडे. सिलिंडर कधी लावला. गाय कधी भरवली. कोंबडी अंड्यावर कधी बसवली, म्हणजे एकवीस दिवस मोजायला बरं. पाळीची बारीक खूण, जी फक्त आपल्यालाच कळते. हप्त्याची तारीख. भावाच्या घरचं बारसं.

फेब्रुवारीच्या पानावर एका चौकोनात लिहिलं होतं, "दोरा १२०". मी विचारलं, हे काय? घरच्या ताई म्हणाल्या, "ते व्हय, वाकळंचा दोरा आणलावता." मग कळलं, की बाईंनी वर्षात चार वाकळा शिवल्या. तीन विकल्या. चौथीतलं लाल कापड कच्च्या रंगाचं निघालं, धुतल्यावर सगळीकडं पसरलं, म्हणून ती घरातच वापरायला घेतली. आणि ही बाई दोन मिनिटांपूर्वी म्हणत होती, "काय न्हाई, नेहमीचंच"!

मग बाकीच्या पण बोलायला लागल्या. एकीनं पहिल्यांदा एकटीनं तालुक्याच्या बँकेत जाऊन पैसे काढले होते. एकीनं अंगठा सोडून सही करायला शिकून घेतलं होतं, इतिवृत्तात मार्चपर्यंत अंगठा आहे आणि एप्रिलपासून वाकडीतिकडी सही आहे. एका मावशींनी पापडाचा धंदा सुरू करून बंद केला होता. तेही त्यांनी सांगितलं, पण मान खाली घालून.

आपण विसरतो, कारण आपलं काम संपत नाही. भाकरी केली, ती खाल्ली गेली. लोटलं, परत कचरा झाला. दिवसाच्या शेवटी हातात दाखवायला काही उरत नाही, म्हणून वर्षाच्या शेवटी पण काही उरलं नाही असं वाटतं. म्हणून आठवणीवर भरवसा ठेवायचा नाही, लिहिलेल्यावर ठेवायचा. आणि आपलं सगळ्यात जास्त लिखाण कुठं असेल, तर ते त्या कालनिर्णयावर.

चार रकाने

एक वही घ्या. पोरांच्या जुन्या वहीची कोरी पानं चालतील. पान उभं धरून चार रकाने पाडा. पहिला, केलं. दुसरा, अर्धवट राहिलं. तिसरा, सोडलं. चौथा, शिकले.

आता जानेवारीपासून एकेक पान उलटा आणि आठवेल ते त्या त्या रकान्यात लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी लेकीला, नातवाला शेजारी बसवा. तेही जमत नसेल तर ज्वारीचे दाणे घ्या आणि चार वाट्या मांडा. एक गोष्ट आठवली की एक दाणा वाटीत टाका. टाकताना ती गोष्ट मोठ्यानं म्हणा, म्हणजे लक्षात राहते.

केलं, यात मोठं-लहान करू नका. जे वर्षाच्या सुरुवातीला नव्हतं आणि आता आहे, ते सगळं इथं. सही आली, लिहा. परसात शेवगा लावला आणि जगला, लिहा. दारू पिऊन आलेल्या माणसाला पहिल्यांदा "आज जेवण मिळणार नाही" असं म्हणालात, तेही लिहा.

सोडलं, या रकान्याची लाज वाटू देऊ नका. पापडवाल्या मावशींचं ४,२०० रुपयांचं नुकसान झालं. वळीव पाऊस आला आणि वाळत घातलेला माल भिजला. मी त्यांना "जाऊ दे मावशी, अनुभव तर मिळाला" असं म्हणाले नाही. नुकसान ते नुकसानच. गटाचं कर्ज त्यांना फेडावंच लागलं, ते त्यांनी शेळीचं करडू विकून फेडलं. पण धंदा बंद करायचा निर्णय त्यांनी वेळेवर घेतला. आणखी दोन महिने ओढत नेला असता, तर करडाबरोबर शेळी पण गेली असती. वेळेवर थांबणं हेसुद्धा केलेलंच काम आहे.

उसवलेलं काम कुठं लिहायचं?

आता वाकळवाल्या ताईंकडं परत येते, कारण चौथा रकाना त्यांच्यामुळं मला नीट कळला.

त्यांची एक मोठी वाकळ ११०० रुपयांना गेली. सगळ्याजणी म्हणाल्या, बरे मिळाले की! आम्ही तिथंच हिशोब मांडला. वरची लुगडी-साड्या घरच्या जुन्या. अस्तराचं कापड २६० रुपये, दोरा १२० रुपये. खर्च ३८०. राहिले ७२०. वेळ किती लागला? दुपारी अडीच तास, असे चोवीस दिवस. म्हणजे ६० तास. ७२० भागिले ६०, तासाला १२ रुपये.

आमच्याकडं खुरपणीला बाईला ३०० रुपये हजेरी आहे, सहा तासांची. म्हणजे तासाला ५० रुपये. ऐकून सगळ्या गप्प झाल्या.

मग आम्ही बाळाच्या दुपट्याचा हिशोब केला. कापड-दोरा ६० रुपये, विकलं ३०० ला, वेळ आठ तास. राहिले २४०, तासाला ३० रुपये. खुरपणीपेक्षा कमीच. पण खुरपणी बारा महिने नसते. उन्हाळ्यात रानात काम नसतं तेव्हा सावलीत बसून ३० रुपये तास हे वाईट नाही. तर धंद्यासाठी दुपटी, आणि मोठी वाकळ कुणी सांगून करून घेतली तरच, आणि तीही २,५०० रुपयांच्या खाली नाही. हे त्यांनी ठरवलं. ११०० ला विकलेली वाकळ परत येणार नाही, पण हा भाव चौथ्या रकान्यात आला. शिकले.

एवढं झाल्यावर ताई हळूच म्हणाल्या, "पर मला ती मोठी वाकळच आवडती. तिच्या मधलं फूल म्या तीनदा उसवलंय."

मी विचारलं, का?

"पयल्यांदा पाकळ्या सारख्या आल्या न्हाईत. दुसऱ्यांदा सारख्या आल्या तर लईच सरळ दिसाय लागलं, फूल वाटंना. तिसऱ्यांदा रंग बदलला."

म्हणजे त्या ६० तासांतले निदान दहा-बारा तास उसवण्यात गेले होते. ते फूल त्यांनी कुठं बघितलेलं नव्हतं. ते त्यांच्या डोक्यात होतं आणि हातात यायला तयार नव्हतं. ज्यानं विकत घेतली त्याला ते उसवलेले टाके दिसणार नाहीत. भावात त्याचा एक रुपया आला नाही. मग ते काम वाया गेलं का?

मी म्हणते, नाही. चौथ्यांदा तसलं फूल करायला बसल्यावर त्यांना उसवावं लागणार नाही, किंवा कुठं उसवायचं ते आधीच कळेल. हाताला जे कळलंय ते शिल्लक आहे. म्हणून चौथ्या रकान्यात भावाखाली अजून एक ओळ घातली: "फुलाच्या पाकळ्या मोजून सारख्या केल्या की फूल मरतं." शब्द त्यांचेच आहेत.

आता माझा हिशोब

दुसऱ्यांना रकाने पाडायला सांगायचे आणि स्वतःचं पान कोरं ठेवायचं, हे बरं नाही. म्हणून माझं पण सांगते. सोपं नाही, पण सांगते.

यंदा जानेवारीत मी शंभर पानी वही आणली. आमच्या आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, जात्यावरच्या ओव्या लिहून काढायचं ठरवलं. आत्यांना अक्षरओळख नाही. पण दळायला बसल्या की एकापुढं एक ओवी यायची. माहेरची, भावाची, पंढरीच्या वाटेची, लेकीला सासरी पाठवल्याची. घरात गिरणीचं पीठ आलं तरी आत्या डाळ भरडायला, भाजणीला जात्यावरच बसायच्या. मी बीए झालेय, मराठी विषय होता. म्हटलं, हे आपल्याला सहज जमेल.

कॉलेजात मी बहिणाबाई चौधरींविषयी शिकले होते. खानदेशातल्या शेतकरी घरातली ही बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी गाणी रचायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातल्या माणसानं त्यातली काही लिहून ठेवली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या, आणि त्यानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्यांचं पुस्तक निघालं. म्हणजे आज सगळा महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, त्यांनी स्वतःचं पुस्तक बघितलंच नाही. जी गाणी कुणी लिहून घेतली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी तर गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. एक लाख! त्या सगळ्या आपल्यासारख्याच बायांच्या तोंडच्या. हे माहीत असल्यामुळं मला हुरूप होता.

माझं कालनिर्णय उघडलं तर हिशोब असा निघाला. जानेवारीत ९ ओव्या. फेब्रुवारीत १४. मार्चमध्ये ३. एप्रिल-मे शून्य. जूनमध्ये ११. एकूण ३७. त्यानंतर काही नाही.

आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आत्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं.

इथं थांबून एक कामाची गोष्ट सांगते, विषय सोडून नाही. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अचानक अडखळलं, तर "झोपल्यावर बरं वाटेल" म्हणून थांबू नका. तेल चोळत बसू नका. १०८ ला फोन करून लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. पहिले चार-साडेचार तास फार मोलाचे असतात, कारण काही झटक्यांवरचं औषध तेवढ्या वेळातच देता येतं. झटका किती वाजता आला ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. आमच्या घरी सकाळी तास-दीड तास "वात आलाय" म्हणण्यात गेला. त्यात मी पण होते.

खरं कारण काय होतं?

तर "अर्धवट राहिलं" या रकान्यात मी लिहिलं: ओव्यांची वही. आणि पुढं कारण लिहिलं: वेळ मिळाला नाही.

मग कालनिर्णय परत बघितलं. एप्रिलमध्ये गटांचा वर्षाचा हिशोब, मेमध्ये दोन लग्नं, ते खरंच होतं. पण जुलै? जुलैच्या पानावर कितीतरी संध्याकाळी काहीच लिहिलेलं नव्हतं. पाऊस नव्हता, रानात काम नव्हतं. आत्या ओसरीवर बसलेल्या असायच्या. मी मोबाईल बघत बसायचे. म्हणजे वेळ होता. मग मी वही का उघडली नाही?

बराच वेळ विचार केला तेव्हा आठवलं. जूनमध्ये एका संध्याकाळी मी त्यांना वही वाचून दाखवली होती. मी ओव्या "शुद्ध" करून लिहिल्या होत्या. त्यांचं "न्हाई" मी "नाही" केलं होतं, "म्या"चं "मी" केलं होतं. एका ठिकाणी ओळ लांब वाटली म्हणून दोन शब्द काढले होते. आत्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ग्वाड हाय. पर ही माझी न्हवं."

मला ते लागलं. राग आला. इतकी मेहनत केली आणि या म्हणतात माझी नाही! नंतर कळत होतं की त्यांचंच बरोबर आहे. ओवी जात्याच्या घरघरीवर बसवलेली असते. शब्द काढला की दळण्याची लय मोडते. सगळ्या ३७ परत लिहायला पाहिजे होत्या. आणि मला उसवायचं नव्हतं. म्हणून मी रोज म्हणत राहिले, उद्या, वेळ मिळाला की.

बायांनो, म्हणून दुसऱ्या रकान्यात नुसतं "राहिलं" लिहून थांबायचं नाही. का राहिलं ते शोधायचं. मला आत्तापर्यंत पाच कारणं दिसली आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

पहिलं, वेळ. खरोखर वेळ नसेल तर कालनिर्णयावर तो दिसतो. मग कुठलं काम घरात वाटून देता येईल ते बघायचं. पाणी भरणं पोराला येतं, फक्त त्याला सांगितलेलं नसतं.

दुसरं, साहित्य किंवा पैसा. दोरा नव्हता, मशीन बंद होती, भांडवल नव्हतं. हे गटासमोर मांडता येतं. त्यासाठीच गट आहे.

तिसरं, येत नव्हतं. कापायला येत नाही, हिशोब जमत नाही. मग ज्या बाईला येतं तिच्याकडं चार दुपारी बसायचं. यात कमीपणा नाही.

चौथं, घरच्यांची बोलणी किंवा लोकांची भीती. "आता या वयात कशाला?" हे वाक्य ऐकून किती जणींनी सुई खाली ठेवली असेल! यावर एकटीचा जोर चालत नाही. चौघीजणींनी मिळून सुरू केलं की बोलणारे दमतात.

पाचवं, एकदा बिघडलं आणि परत करायचं मन होईना. हे सगळ्यात अवघड, कारण ते आपण "वेळ नाही" या पदराखाली झाकून ठेवतो. माझं तेच झालं. याला इलाज एकच. बिघडलेलं उघडून बघायचं आणि त्यातला एक टाका उसवायचा. सगळी वाकळ नाही, एक टाका.

कोरी ठेवलेली जागा

नोव्हेंबरमध्ये मी वही उघडली. ३७ पैकी ६ ओव्यांची तर मी नुसती पहिलीच ओळ लिहिलेली निघाली. "ही तर रोजचीच आहे, पुढची नंतर लिहीन" म्हणून सोडलेल्या. आता विचारायचं कुणाला?

दवाखान्यात बोलण्याचा व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी आम्हाला सांगितलं होतं, की बोलणं गेलेल्या काही माणसांना ओळखीचं गाणं मात्र म्हणता येतं, कारण बोलणं आणि गाणं ही कामं मेंदूत अगदी एकाच जागी चालत नाहीत. त्यांच्यासोबत त्यांची गाणी म्हणा, घाई करू नका, असं त्या म्हणाल्या होत्या. आमच्या आळीतल्या तीन म्हाताऱ्या दुपारी यायला लागल्या. जातं ओसरीवर आणलं. एक ओढायची, बाकीच्या म्हणायच्या. आत्या डाव्या हातानं मांडीवर ताल धरतात. कधी कधी ओळीच्या शेवटचा शब्द त्यांच्या तोंडून येतो. पुरा नाही, पण ओळखू येतो. तो आला की त्या माझ्याकडं बघतात, लिहिलं का म्हणून.

त्या सहापैकी चार ओव्या आळीतल्या बायांना येत होत्या, थोड्या वेगळ्या शब्दांत. त्या मिळाल्या. शिवाय त्यांच्या स्वतःच्या २२ नवीन मिळाल्या. आता मी जसं म्हणतात तसंच लिहिते. "म्या" असेल तर "म्या". आणि मोबाईलवर आवाज पण भरून ठेवते, कारण लय कागदावर येत नाही, हे मला आता कळलंय. जानेवारीत कळलं असतं तर आत्यांचा सगळा आवाज आज माझ्याकडं असता. फोन तेव्हा पण हातातच होता.

दोन ओव्या कुणालाच आल्या नाहीत. त्या आत्यांनी स्वतः रचलेल्या असाव्यात. त्यांच्या पहिल्या ओळीखाली मी जागा कोरी सोडलीय. ती भरेल असं मला वाटत नाही. मी स्वतः जुळवून तिथं काही लिहिणार नाही. ही माझी न्हवं, असं त्यांनी एकदा म्हटलंय, तेवढं पुरे.

तर माझं पान असं आहे. केलं: ५७ ओव्या पूर्ण. अर्धवट राहिलं: २. सोडलं: शुद्ध करायची सवय. शिकले: ज्याचं आहे त्याच्या तोंडचं तसंच लिहावं, आणि म्हाताऱ्या माणसाचं काम उद्यावर टाकू नये.

हे पान बघून मला आनंद होतो का? होतो, आणि वाईट पण वाटतं. दोन्ही एकाच पानावर असू शकतं. यशाचं वेगळं पान आणि अपयशाचं वेगळं, असं करून चालत नाही. माझ्या २२ नवीन ओव्या त्या ६ अर्धवट ओव्यांमुळंच मिळाल्या, हे वेगळ्या पानांवर दिसलंच नसतं.

गटात कसं करायचं?

जानेवारीच्या पहिल्या बैठकीत हे करून बघा. बचत आणि हप्ते आधी उरकून घ्या, म्हणजे कुणाचं मन घड्याळात राहणार नाही. मग गोल बसा. प्रत्येकीला पाच मिनिटं. दहा जणी असतील तर तासाभरात होतं. तीन नियम पाळा.

एक, जी बोलतेय तिला मधे तोडायचं नाही. सल्ला तर अजिबात द्यायचा नाही, तो नंतर मागितला तर.

दोन, तुलना करायची नाही. एकीनं मशीन घेतली आणि एकीनं सही शिकली, यात वर-खाली नाही. जिची सुरुवात जिथून, तिचं अंतर तिथून मोजायचं.

तीन, बैठकीत बोललेलं घरचं दुखणं आळीत न्यायचं नाही. हा नियम मोडला की पुढच्या वर्षी कुणी तोंड उघडणार नाही.

शेवटी प्रत्येकीनं पुढच्या वर्षासाठी एकच गोष्ट सांगायची. दहा नको, एकच. आणि ती मोजता येईल अशी सांगायची. "शिवण शिकणार" असं नको, "उन्हाळ्यात सहा दुपटी शिवणार" असं हवं. सचिवांनी ती एक ओळ इतिवृत्तात लिहून ठेवावी. बाईचं स्वतःचं काम गटाच्या वहीत एकदा लिहिलं गेलं, की घरात पण त्याला काम म्हणतात, असा माझा अनुभव आहे.

वाकळवाल्या ताईंनी त्यांची ओळ सांगितली आहे. बारा दुपटी आणि एक मोठी वाकळ. मी विचारलं, मोठी कुणाची मागणी आहे? म्हणाल्या, "कुणाची न्हाई. ती माझी मला. इकायची न्हाई." आम्ही तीही इतिवृत्तात लिहिली.

माझी ओळ अशी आहे. आठवड्याला एक दुपार, एका म्हातारीकडं, फोन आणि वही घेऊन. शुक्रवार ठरवलाय, कारण त्या दिवशी माझी बैठक नसते. नवीन कालनिर्णय आणलंय. जानेवारीतल्या सगळ्या शुक्रवारांवर खूण करून ठेवलीय.

आज जेवणं झाली की जुनं कालनिर्णय खिळ्यावरून काढा. पोरांना जवळ घ्या, त्यांना पण आईचं वर्ष बघू द्या. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, ज्यांना एखादं गाणं, एखादा उखाणा, एखादं औषध, वाकळेवरचं एखादं फूल येतं, तर चार रकाने नंतर पाडा. आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा.